दोन शिश्या आणि आईचं नाक

व्हायोलेट नावाचं फूल आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही. मी नाही, आईने तर नाहीच, आणि जिच्या लग्नापायी हा सगळा खटाटोप चालला होता त्या माझ्या भाचीनेही नाही. तिने फक्त त्याचा वास पाहिला होता, तोही वाशीच्या एका मॉलमध्ये. तिथून ती नमुन्याच्या दोन शिश्या घेऊन आली, करंगळीएवढ्या. दोन्हींत व्हायोलेट, दोन्हींत कसली कसली फळं, दोन्हींची टोपणं जांभळी.

"आत्या, दोन्ही सारख्याच वाटतात आणि दोन्ही वेगळ्या पण वाटतात," ती मला म्हणाली. "माझं डोकं फिरलंय. तू आजीकडे घेऊन जा. आजी सांगेल तीच मोठी बाटली घेणार."

मी म्हटलं, बाई गं, तुझ्या लग्नाला माणसं जेवायला येणार आहेत, तुला हुंगायला नाही. ती फुरंगटली. मग मी शिश्या पर्समध्ये टाकल्या. मी पनवेलला शाळेत शिकवते, मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि आईकडे मी निघालेच होते. माझा भाऊ कामोठ्याला राहतो, त्यामुळे अलिबागच्या पुढच्या आमच्या कोळी आळीत आता आई एकटीच असते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

भाचीचा हट्ट अगदीच वेडगळ होता असं नाही. माझ्या लग्नात आईने मोगऱ्याची अख्खी टोपली परत पाठवली होती. फुलं टवटवीत दिसत होती, पण आईने लांबूनच सांगितलं की कालची आहेत, पाणी मारून आणलीत. फूलवाला आधी भांडला आणि मग गप्प बसला. ही कथा भाचीने लहानपणापासून शंभरदा ऐकली आहे.

पण आईचं नाक ही आमच्या आळीत कौतुकापेक्षा कामाची गोष्ट. उन्हाळ्याच्या शेवटी, होड्या वर ओढायची वेळ जवळ आली की बायका जवळा सुकवतात. ही बोटाच्या पेराएवढी कोळंबी. ओली असते तेव्हा अंगणभर गुलाबी चिखल पसरलेला दिसतो, उन्हं खाल्ली की हलकी होते. मग ती गोण्यांत भरायची आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना, विकायची. अडचण अशी की वरून खडखडीत दिसणारा जवळा आतून ओला असू शकतो. तसा भरला की गोणीत घाम धरतो आणि सगळा माल टाकून द्यावा लागतो. फार सुकवला तर भुगा होतो. मधेच वळीव पडला तर बोलायलाच नको. म्हणून भरण्याआधी ढिगाच्या पोटातून एक मूठ काढायची आणि माझ्या आईच्या नाकाशी धरायची. आमच्याकडे याला मूठ दाखवणं म्हणतात. आई मान पुढे करते, डोळे मिटते, श्वास ओढते. मग 'भर' म्हणते, नाहीतर 'अजून एक ऊन दे'. त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. एकदोनदा तिचं बरोबर आलं, मग दर वर्षी येत गेलं, आणि बायका इतर कुणाकडे जायच्या बंद झाल्या.

मला लोक विचारतात, तुला लहानपणी माशाच्या वासाची लाज वाटायची का. त्यांना 'हो' ऐकायचं असतं, ते त्यांच्या तोंडावर दिसतं. मला नाही वाटली. एसटीत कुणी नाक मुरडलं तर मी मुद्दाम त्याच्याच शेजारी जाऊन बसायचे. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे, आणि आईचं नाक माझ्या पाठीशी होतं. ज्या वासाला लोक सरसकट घाण म्हणतात त्यात चांगलं, बरं आणि वाईट असं वेगळं करणारं एक माणूस आमच्या घरात आहे, याचा मला माज होता.

मी पोचले त्या दिवशी जेवणात बांगड्याचं कालवण होतं. पहिल्याच घासाला माझे दात आंबले.

"आये, कोकमं फुकट मिळाली काय?" मी विचारलं.

एरवी तिने मला उलट सुनावलं असतं. त्या दिवशी तिने नुसता भात पुढे सरकवला. म्हणाली, "ऊन लय हाय, खा गुमान." मी खाल्लं. उन्हाचा आणि कोकमांचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

जेवून मी पडवीत आले तर समोरची अंगणात जवळा हलवत होती. समोरची म्हणजे माझी शाळेतली वर्गमैत्रीण, लग्न होऊन आमच्याच आळीत राहिलेली. आमच्या अंगणात ऊन जास्त वेळ टिकतं म्हणून तिचा जवळा दर वर्षी आमच्याकडेच पसरलेला असतो. तिने मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाली, "तुज्या आयशीला काय जालंय गो? जो येतो त्याला एकच, अजून एक ऊन दे. परवापासून मना तेच सांगते. माजा जवला आता करपेल."

"मग तिच्या मनाला पटत नसेल," मी तोऱ्यात म्हटलं. "तिला कळतं ते तुला कळतं का?"

ती आभाळाकडे बघून परत झाडू फिरवायला लागली.

दुपारी आई जरा निवांत बसली तशी मी शिश्या काढल्या. नात काय म्हणाली ते सांगितलं. आईला बरं वाटलं असावं, कारण तिने पदराला हात पुसून दोन्ही मनगटं पुढे केली. उजव्या मनगटावर मी एक फवारली, डाव्यावर दुसरी. तिने उजवं मनगट नाकाशी नेलं. डोळे मिटले. सगळं नेहमीसारखं.

"चांगला हाय," ती म्हणाली.

मग डावं. "ह्यो पन चांगला हाय."

मला रागच आला. दोन गोष्टी पुढे ठेवल्या आणि आई दोन्हींना चांगलं म्हणाली, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. साधी दोन लिंबं दिली तरी त्यातलं एक ती खाली ठेवते.

"आये, मी पनवेलहून हे ऐकायला आणलं नाही. एक सांग."

"तू बग ना आदी. तुना कंची आवडते?"

मी तिचं उजवं मनगट ओढून हुंगलं. आधी करवंद आलं, पिकलेलं, काळं. त्यामागून जुन्या फेस पावडरीचा मऊ वास. आणि मग काहीच नाही. मी परत नाक लावलं. काही नाही. जोरात ओढून पाहिलं, तरी आईच्या कातडीचासुद्धा वास येईना.

"अगं, गेला," मी म्हटलं. "मला येतच नाहीये."

आई इतक्या झटक्यात वळली की मी दचकले.

"तुना पन न्हाय येत?"

तिचा चेहरा एकदम उजळला होता. तिने माझा हात घट्ट धरला. "बग, मी काय येडी न्हाय. त्याच्यातच काय तरी हाय. मना पन तसाच, येतच न्हाय." ती हसायला लागली. इतकी मोकळी हसली की मीही हसले, कशाला ते न कळता. अत्तर वाईट निघालं यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

आणि तेवढ्यात वास परत आला. पावडर, करवंद, सगळं पुन्हा नाकाशी उभं.

"आला गं परत," मी बोलून गेले.

आईचा हात सैल झाला. तिने तो हळूच काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग मला कळलं.

(व्हायोलेट असंच असतं, असं मला भाचीने नंतर फोनवर सांगितलं. दुकानातल्या मुलीने तिला आधीच सांगितलं होतं की हा वास मधेच नाकाला दिसेनासा होतो आणि पुन्हा येतो, सगळ्यांचंच तसं होतं. ही माहिती तिने शिश्यांबरोबर दिली असती तर काय झालं असतं, याचा मी बराच विचार केला आहे. कदाचित आईचं ते हसणं मला दिसलं नसतं.)

"कधीपासून येत नाही वास?" मी विचारलं.

"थंडीत ताप आलता ना, तवापासून. पयलं वाटलं सर्दी हाय."

मला आधी रागच आला. इतके महिने ही एकटी घरात आहे, गॅस आहे, चूल आहे, आणि मला नाही, भावाला नाही, कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. सिलेंडर गळला तर तुला काय कळणार होतं, असंही बोलले. मग ती सांगायला लागली. तिने अलिबागला डॉक्टरलाही दाखवलं होतं, एकटीने जाऊन. त्यांनी सांगितलं होतं, येईल, नाहीतर येणार नाही.

"सकाली दार उघडते," ती म्हणाली, "समोर दर्या हाय, डोल्यांना दिसतो. पन हाय असा वाटतच न्हाय."

 माझा राग गेला आणि त्या जागी भीती आली. ती अजूनही पूर्ण गेलेली नाही.

मग मी जवळ्याचं विचारलं. मूठ कशी बघतेस? ती म्हणाली, हाताला थोडं कळतं, कानाला थोडं. मुठीत दाबला की सुकलेला जवळा वेगळा वाजतो. "पन पोटातला वलावा हाताला न्हाय कलत," असंही तीच म्हणाली. म्हणून ती सगळ्यांना अजून एक ऊन सांगत होती. भुगा झाला तरी चालेल, सडायला नको.

"सांगून टाक ना बायकांना."

"आगोट होऊ दे. तवर येईल परत."

"आणि नाही आला तर?"

 तिला कशाची भीती वाटते ते मला दिसत होतं. मुलगा लांब, मी लांब, नवरा गेलेला. दिवसभर तिच्या दारात बायका येतात त्या मूठ घेऊन येतात. त्या निमित्ताने बसतात, चहा घेतात, घरचं बोलतात. ते नाक गेलं असं कळलं तर त्या कशाला येतील? मी तिला म्हणू शकले असते की त्या तुझ्यासाठी येतात. पण मला खात्री नव्हती, आणि तिला तर मुळीच नव्हती. मी गप्प राहायचं कबूल केलं.

राहता राहिल्या शिश्या. नातीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. मी म्हटलं, मी निवडते, तू फक्त सांग. आई लगेच 'व्हय' म्हणाली. तिने इतक्या पटकन मान्य केलं ते मला टोचलं. पण मग तिला राहवलं नाही.

"कसा हाय वास, सांग तर."

मी सांगायला बसले. पहिलीत करवंद आणि मागे पावडर. दुसरीत रासबेरी सोडा, गाडीवर मिळायचा तसा, आणि त्याच्याखाली कुठेतरी तीच पावडर, पातळ.

"करवंद कसला? पिकलेला का आंबलेला?"

"पिकलेला."

"देठाचा चीक येतो?"

मी परत हुंगलं. वास गेला होता, मी थांबले, तो आला, आणि खरंच त्यात हिरवट, चिकाचा असा एक बारीक वास होता. आधी तो मला कळलाच नव्हता.

"येतो."

"मंग ती सांगू. दुसरी निस्ती गोड हाय, चार दिवसांनी कटालेल." तिने पहिली शिशी उचलून उजव्या हाताला ठेवली, दुसरी डाव्या. "उजवी. करवंदाची." दोनदा म्हणून पाठ केलं. मला वाटलं, निभावलं.

सकाळी आभाळ भरून आलं होतं. आळीत सगळीकडे झाडूंचा आवाज, बायका जवळा गोळा करत होत्या. समोरची मूठ घेऊन आली. या वेळी ती विचारत नव्हती, विनवत होती.

"काकी, आज तरी भरू ना? बग आभाल."

आईने मान पुढे केली. डोळे मिटले. श्वास ओढला, जरा जास्तच वेळ. मग ती मूठ आपल्या हातात घेऊन दाबली, कानाशी नेली. समोरचीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला आईकडे बघवेना.

"भर," आई म्हणाली.

मी गुपचूप ढिगातून चिमूटभर उचललं आणि हुंगलं. माझं नाक धडधाकट आहे. मला जवळ्याचा वास आला, एवढंच. तो कोरड्याचा की ओल्याचा, मला काय कळणार? समोरची गोण्या घेऊन आली, मदतीला आणखी दोघी. पाहता पाहता पहिली गोणी भरली, आणि त्यातच नातीचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, कुठली?"

बायका हसल्या. एकीने विचारलं, काय गो, नवरीचा अत्तर काय? आईने दोन्ही शिश्या हातात घेतल्या. मी उजव्या हाताकडे बोट दाखवलं, गरज नव्हती तरी.

"ही," आई म्हणाली. "करवंदाची."

"करवंद!" भाची ओरडलीच. "आजी, मला तो शब्दच सापडत नव्हता. एवढे दिवस हुंगतेय, काय आहे ते कळेना. तुला बरोबर कळलं. आता तीच घेणार मी. तिकडच्या घरी रोज तीच लावेन, म्हणजे तू जवळ आहेस असं वाटेल."

आईचं तोंड थोडं उघडं राहिलं. जवळ्याचं ती निभावून नेत होती, पण नातीचं हे तिला सोसवलं नाही, असं मला वाटतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून.

"करवंद तुज्या आत्याला आला," ती फोनमध्ये म्हणाली. "मना न्हाय आला. मना वास येत न्हाय गो बाय. थंडीपासून न्हाय येत."

"सर्दी आहे का आजी?"

"सर्दी न्हाय. गेला तो. तुजा तूच निवड, तुना नाक हाय."

भाची काहीतरी विचारत राहिली, मी फोन घेतला, नंतर करते म्हणून बंद केला.  समोरची गोणीचं तोंड शिवत होती, तिचा हात दाभणासकट थांबलेला. ती वाईट बाई नाही. आईच्या तापात तिनेच पेज आणून दिली होती. पण तिने घातलेले टाके उसवले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पोटातून एक मूठ काढली.

सवयीने तिचा हात आईकडे आला. सवयीनेच आईने मान पुढे केली आणि डोळे मिटले.

हात अर्ध्यावर थांबला. समोरचीने तो मागे घेतला, स्वतःच्या नाकाशी नेला, मग शेजारणीच्या. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, हळू आवाजात काहीतरी ठरवत होत्या. आई तशीच वाकून उभी होती. डोळे मिटलेले, वास नाही, पुढे मूठ नाही हे तिला कळणार कसं? तिने नेहमीसारखा सावकाश श्वास ओढून घेतला. मी "आये" म्हणून हाक मारली, तेव्हा तिने डोळे उघडले.